भरल्या घरातील रितेपण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आधुनिक जीवनातील आध्यात्मिक रितेपणाविरुद्ध लेखकांनी व विचारवंतांनी उठविलेला आवाज, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय. निमंत्रणपत्रिकेत तो वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, ‘‘गुरुजी, म्हणजे पाश्चात्त्य लोक भोगवादात कसे बुडाले आणि आपण कसे तरलो, हेच ना?’’ तसे नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. या विषयावरची व्याख्याने आपल्याकडे बहुधा त्याच वळणाने जातात आणि श्रोते स्वतःवर संतुष्ट होऊन जेवावयास घरी जातात. त्या संतोषात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. उभी हयात प्राथमिक शाळेत गेली. तत्त्वज्ञानाच्या खोल पाण्यात उतरण्याचा मला अधिकार नाही. मात्र निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा चार माणसांचे ग्रंथ व चरित्रे, मराठीत मिळाली तेथे मराठीत आणि नाही तेथे कोश जवळ घेऊन इंग्रजीत, मी वाचली. जे बोलावयाचे ते त्या चौघांच्या आधारे बोलतो.

त्यांतील सर्वांत मोठा अर्थातच लिओ टॉलस्टॉय. त्याचा जन्म १८२८ चा. मॉस्कोच्या दक्षिणेस यास्नाया पोल्याना ही त्याची वडिलार्जित जहागीर. ‘युद्ध आणि शांती’ व ‘अ‍ॅना कॅरेनिना’ या दोन कादंबऱ्यांनी त्याची कीर्ती रशियाभर पसरली होती. वय पन्नाशीच्या सुमारास, शरीर दणकट, पत्नी कर्तबगार, घरात मुलाबाळांचा गलबला, जमीनजुमला मुबलक. आणि नेमक्या याच वेळी त्याला एका प्रश्नाने गाठले: हे सगळे आहे खरे, मग पुढे काय? आणि ते कशासाठी? ‘कबुलीजबाब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या छोट्या ग्रंथात तो सांगतो की, आपल्या हातून आत्मघात घडू नये म्हणून त्याने घरातला दोर दृष्टीआड केला आणि बंदूक घेऊन शिकारीस जाणे सोडले. रशियातील धर्मखात्याच्या नियंत्रकांनी तो ग्रंथ छापू दिला नाही. अखेर १८८४ साली तो जिनीव्हा येथे प्रसिद्ध झाला.

आपली अवस्था समजावून देण्यासाठी टॉलस्टॉयने त्यात पूर्वेकडील एक जुनी गोष्ट घेतली आहे. श्वापदाच्या भयाने एक वाटसरू विहिरीत उतरतो. तळाशी आ वासलेला अजगर. मधोमध एका झुडपाची फांदी धरून तो लोंबकळत राहतो; तर एक पांढरा व एक काळा असे दोन उंदीर त्या झुडपाचे मूळ कुरतडीत आहेत. इतक्यात पानावर मधाचे थेंब दिसतात आणि हा वेडा ते चाटू लागतो. बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी कीर्तनांतून ऐकलेली आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर ती धृतराष्ट्रास सांगतो. जैन ग्रंथांत ती मधुबिंदूचा दृष्टान्त म्हणून आहे. बुद्धचरित्राचे ख्रिस्ती रूपांतर होऊन जी बार्लाम आणि योसाफत यांची कथा युरोपात पोहोचली (योसाफत म्हणजे मूळचा आपला बोधिसत्त्वच), तिच्यासोबत हा दृष्टान्तही तिकडे गेला. आपल्याच घरचे नाणे शेकडो वर्षे परमुलुखात फिरून टॉलस्टॉयच्या हाती पडले, म्हणून आपणांस आनंद वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्याने त्यात एक भर घातली, तिकडे लक्ष द्यावे. तो म्हणतो, मला मधही गोड लागेनासा झाला. कुटुंबावरील प्रेम आणि लेखनकला हे त्याच्या मधाचे दोन थेंब होते. मृत्यूचे भय तर सर्वांनाच असते. गोड वस्तूची गोडी नाहीशी होणे हा निराळा आजार आहे, आणि या व्याख्यानाचा विषय तो आजार आहे.

यातून तो सावरला तो पंडितांच्या साहाय्याने नव्हे. आपल्या बरोबरीच्या शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी मंडळींकडे त्याने पाहिले, तर कोणी प्रश्न टाळीत होता, कोणी मधावर वेळ भागवीत होता. मग त्याने राबणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहिले. हे लोक कष्टात जगत होते, आजारपण व मरण मुकाट्याने सोशीत होते, आणि आयुष्य निरर्थक आहे असे त्यांना वाटत नव्हते. १८८२ साली मॉस्कोच्या खानेसुमारीच्या कामात त्याने भाग घेतला व शहरातील दारिद्र्य डोळ्यांनी पाहिले. ‘मग आपण काय करावे?’ हा त्याचा ग्रंथ त्या अनुभवातून उतरला. त्याने नांगर धरला, पाणी भरले, तो मोच्याकडून बूट शिवावयास शिकला. १८९१-९२ च्या दुष्काळात त्याने व त्याच्या मुलींनी भुकेल्यांसाठी दोनशेहून अधिक अन्नछत्रे चालविली. साने गुरुजींनी त्याचा कलाविषयक ग्रंथ मराठीत आणला. गांधीजींनी तर १९१० साली जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी वसाहत काढली, तिला टॉलस्टॉयचेच नाव दिले. तेथे चपला शिवणे हा शिक्षणाचा भाग होता.

ज्यांना पाश्चात्त्यांच्या तोंडून आपली स्तुती ऐकण्याची हौस आहे, त्यांनी टॉलस्टॉयचे १९०८ सालचे ‘एका हिंदूस पत्र’ अवश्य वाचावे. ते तारकनाथ दास यांना लिहिलेले होते आणि गांधीजींनी ते गुजरातीत आणले. एका व्यापारी कंपनीने वीस कोटींचे राष्ट्र गुलाम केले याचे कारण टॉलस्टॉय इंग्रजांच्या सामर्थ्यात शोधीत नाही. हिंदी लोकच त्या बळजोरीत सहभागी झाले, असे तो रोखठोक सांगतो. आपल्या ऋषींबद्दल त्याला आदर होता. आपल्याबद्दल भ्रम नव्हता.

आता याच चरित्राची दुसरी बाजू. ती व्याख्यानांतून बहुधा गाळली जाते; येथे माताभगिनी बसल्या आहेत, म्हणून मी ती गाळणार नाही. सोफिया या त्याच्या पत्नीचा विवाह १८६२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी झाला. तिला तेरा मुले झाली. त्यांतील पाच लहानपणीच गेली. ‘युद्ध आणि शांती’चे गिचमिड खर्डे तिने रात्री दिव्याशी बसून पुनःपुन्हा स्वच्छ उतरून काढले. १८९१ साली पतीने १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क सोडून दिले, तेव्हा एवढ्या मोठ्या संसाराचा खर्च कसा भागवावयाचा, हा प्रश्न तिच्या पदरात पडला. शेवटी १९१० च्या नोव्हेंबरात ब्याऐंशी वर्षांचा हा महापुरुष एका रात्री डॉक्टरला सोबत घेऊन घरातून निघून गेला. वाटेत आजारी पडला व अस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरी, २० नोव्हेंबर रोजी त्याचा अंत झाला. सोफिया खास गाडीने तेथे आली होती. तिला आत घेतले गेले ते त्याची शुद्ध हरपल्यावर. तोवर ती बाहेरून खिडकीच्या काचेला तोंड लावून पाहात होती.

टॉलस्टॉय माझ्या दृष्टीने पूज्य आहे. तथापि जगण्याचा अर्थ शोधण्याचा खर्च घरात कोणाच्या नावावर पडतो, हे विचारल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

हाच प्रश्न हेन्री डेव्हिड थोरोविषयीही थोडाफार पडतो. अमेरिकेतील काँकर्ड गावाजवळ वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी त्याने स्वहस्ते दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब झोपडी बांधली. तिला खर्च आला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. हिशेब त्याने पैशापैशाचा छापला आहे, आणि हिशेबी माणूस म्हणून तो मला आवडतो. ४ जुलै १८४५ पासून दोन वर्षे, दोन महिने व दोन दिवस तो तेथे राहिला. माणसे गरजा वाढवितात, मग गरजा पुरविण्यात आयुष्य घालवितात, आणि जगावयाचे राहूनच जाते, हा त्याचा सिद्धान्त. पहाटे तो भगवद्गीता वाचीत असे. त्या काळी अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ कापून जहाजांनी कलकत्त्यास व मुंबईस येत असे. वॉल्डनवरही तशी बर्फतोड त्याने पाहिली, आणि आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळते, या कल्पनेने तो हरखून गेला. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने हा ग्रंथ मराठीत आणला आहे. आपल्या वाचनालयात तो असावा. झोपडी आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती व तो तेथे वारंवार जेवावयास जाई, असे टीकाकार सांगतात. मी एवढेच म्हणतो की, थोरो एकटा होता; एकट्याने गरजा कमी करणे त्यामानाने सोपे.

जॉन रस्किनकडे आपल्या समाजाने निराळ्या कारणासाठी पाहावे. हा इंग्रज लेखक मद्याच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. वारशाने आलेल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्याने वाटून टाकला. ‘व्हेनिसचे पाषाण’ या ग्रंथाच्या १८५३ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात त्याने काचेचे मणी करणाऱ्या कामगारांचे वर्णन केले आहे. काचेच्या लांब सळ्या घेऊन त्यांचे तुकडे पाडीत हे लोक दिवसभर बसतात. हात सतत थरथरत असतात. आणि त्या कामात डोके चालविण्यास कोठेही वाव नाही. कारखान्यात काम विभागले जाते असे आपण म्हणतो. रस्किनच्या मते तेथे माणसाचेच तुकडे होतात. जुन्या काळच्या पाथरवटाचे कोरीव काम ओबडधोबड असले तरी त्यात त्याचे मन उतरलेले असे. असे काम हातचे गेले की वेतन वाढवूनही ती उणीव भरत नाही. त्याचे अर्थशास्त्रावरील चार निबंध १८६० साली मासिकात येऊ लागले, तेव्हा एवढा गहजब झाला की ते मध्येच थांबवावे लागले. तेच पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते दर्बान या आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी वाचले, आणि त्याचे सार गुजरातीत लिहिताना ‘सर्वोदय’ हा शब्द आपणांस दिला.

रस्किनचे हे म्हणणे मला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. माझे वडील तांबट. तांब्याच्या पत्र्यातून हंडा उठवावयाचा आणि मठारून त्याच्या अंगावर एकसारखे ठसे चमकवावयाचे, हा त्यांचा दिवस. तो हंडा कोणाच्या घरी जाणार हे त्यांना बहुधा ठाऊक असे. लग्नातले भांडे असेल तर त्यावर टिंबाटिंबांनी नाव घालीत. मुलगी कोणाची, कोणत्या गावी दिली, हे भांड्यावरून कळे. पन्नास वर्षांनी तेच भांडे कल्हईला किंवा पोचा काढावयास येई, तेव्हा वडील आपला हात ओळखीत. परंतु रस्किनने हे दृश्य पाहिले असते तर तो जसा भारावून गेला असता, तसे मला होता येत नाही. ठोक्यांच्या आवाजाने वडिलांना पन्नाशीतच ऐकू येईनासे झाले. पुढे पोलादाची भांडी आली व भट्टी थंडावली, तेव्हा त्यांनी मला तांबटकाम शिकविले नाही. अध्यापक विद्यालयात घातले. त्यांचा तो निर्णय योग्यच होता. आपल्यापैकी कोणीही ऐरणीपाशी परत जाणार नाही, आणि जावे असे सांगणाऱ्याने प्रथम स्वतः वर्षभर हातोडा उचलून दाखवावा. पोटाला अन्न नसणे हा मनाच्या रितेपणाहून मोठा अनर्थ आहे. जुन्या गरिबीचे गोडवे गाणारी भाषणे मला ऐकवत नाहीत.

मग प्रश्न उरतो तो असा: ऐरण सुटली ते बरे झाले, पण भांड्यावरचे नाव गेले, त्याचे काय?

गेल्या दोन वर्षांत आपल्या समाजातील तीन घरांतून मला बोलावणे आले. तिन्ही घरांतील गोष्ट जवळजवळ सारखी. मुलगा किंवा मुलगी अभियंता, पुण्यास किंवा बंगळुरास भरपूर पगार, स्वतःची सदनिका, दाराशी मोटार. आणि मूल म्हणते, यात काही अर्थ वाटत नाही. आईबाप भेदरलेले. ‘‘गुरुजी, कशाची म्हणून कमतरता नाही हो त्याला! जरा समजावून सांगा.’’ कोणी म्हणाले, देवाधर्माचे काही करीत नाही म्हणून असे होते. कोणी म्हणाले, लग्न लांबले म्हणून. एका मातेने हळूच विचारले, डॉक्टरला दाखवावे काय? जरूर दाखवावे, झोप-भूक उडाली असेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येत असेल, तर विनाविलंब दाखवावे, आणि त्यात लाज कसली? परंतु प्रत्येक वेळी तो केवळ आजारच असतो, असे मला वाटत नाही. त्यांतील एका मुलाला मी विचारले, बाळ, तू दिवसभर करतोस तरी काय? त्याने फळ्यावर काढून दाखवावे तसे समजावून दिले. एका मोठ्या यंत्रणेतील एका भागाचा एक तुकडा तो चार वर्षे सांभाळीत होता. तो कोणाच्या उपयोगी पडतो हे त्याला सांगता येईना. मला त्या काचेच्या सळ्या आठवल्या.

अशा मुलांसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती एक शिक्षिका. सिमोन वेल हे तिचे नाव. १९०९ साली पॅरिसमध्ये एका डॉक्टरच्या घरी जन्मली. तत्त्वज्ञान शिकवीत असे. नोकरीच्या पहिल्याच गावी ती पगारातील मोठा हिस्सा बेकार मजुरांसाठी देऊन टाकी. कामगारांच्या दुःखावर पुष्कळ पंडित लिहीत होते. ते दुःख आतून पाहावे म्हणून तिने १९३४ मध्ये रजा घेतली आणि विजेची सामग्री बनविणाऱ्या कारखान्यात, पुढे रेनो मोटारींच्या कारखान्यात, यंत्रावर काम केले. प्रकृती नाजूक, डोके कायम दुखणारे, हाताला सफाई नाही. तिची त्या दिवसांची रोजनिशी उपलब्ध आहे. त्यात आज किती नग झाले, दर काय पडला, कोठे भाजले, याच्या नोंदी आहेत. तिला वाटले होते की जुलमाने माणूस पेटून उठतो. अनुभव उलटा आला. थकव्याने विचारच करवेनासा होतो, आणि माणूस गाईसारखा आज्ञाधारक बनतो. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. केवळ वेतनवाढीने हे दुखणे जाणार नाही, हे तिने रस्किनप्रमाणे दुरून पाहून म्हटले नाही. यंत्रापुढे उभे राहून म्हटले. आणि त्याची किंमत तिने दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकली नाही, निदान जाणूनबुजून तरी नाही. तिच्या आईवडिलांना काय वाटत असेल, तो विचार मात्र मनात येतोच.

पुढे तिने गीता वाचली व ती मुळातून समजावी म्हणून संस्कृत शिकली. परंतु ज्या लेखासाठी मी तिचे नाव घेतले तो शाळेतील अभ्यासाविषयी आहे. तिचे म्हणणे असे की, भूमितीचे प्रमेय सुटले नाही तरी चालेल; त्याकडे प्रामाणिकपणे लक्ष देण्यात जी शक्ती वाढते, तीच प्रार्थनेत लागते आणि तीच दुःखी शेजाऱ्याजवळ बसताना लागते. आम्ही मास्तर ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडतो. मग मुले कपाळाला आठ्या घालतात, श्वास रोखतात, अंग आवळून बसतात. आणि दोन मिनिटांनी विचारावे, कशाकडे लक्ष होते? तर उत्तर नाही. हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. तिने ते लिहून ठेवले. लक्ष देणे म्हणजे आवळणे नव्हे. आपले मन रिकामे करून समोरच्याला आत येऊ देणे, असे ती सांगते. दुःखी माणसाला द्यावयाची मुख्य गोष्ट तीच आहे: तुला काय सोसावे लागते आहे, हे विचारणे, आणि उत्तर ऐकण्यास थांबणे. पाहा, रितेपणाविरुद्ध बोलणारी ही बाई मन रिते करावयास सांगते! यात विसंगती नाही. तिकडे पोकळी आहे. इकडे दुसऱ्यासाठी मोकळी केलेली जागा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ती लंडनला होती. क्षयाने ग्रासले असताही, फ्रान्समधील लोकांना जेवढे मिळते त्याहून अधिक अन्न घेण्याचे तिने नाकारले. २४ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. तिचा हा शेवट कोणी अनुकरणीय समजू नये; मला तो भयंकर वाटतो.

त्या तीन घरांत मी मुलांना काहीच समजावले नाही, म्हणून आईबाप थोडे नाराज झाले असतील. मी वडिलांनाच म्हणालो, तुमचा मुलगा दिवसभर काय काम करतो ते त्याच्याकडून समजून घ्या. समजले नाही तरी ऐकून घ्या. एका घरी तसे झाले. वडील पोलादाच्या भांड्यांचे व्यापारी. मुलाने दोन तास सांगितले, त्यांना त्यातले चार आणेच कळले असावे. मुलाने नोकरी सोडलेली नाही. दुसऱ्या घरातील मुलीने मात्र सोडली, आणि पूर्वीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर ती एका तालुक्याच्या गावी शिकविते. तिची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिसऱ्या घराचे मला अद्याप काही कळलेले नाही.

अध्यक्षमहाराज, एक सूचना करून मी बसतो. या व्यासपीठावरून गेली कित्येक वर्षे आम्ही वृद्धच बोलत आलो आणि तरुण मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसून घड्याळाकडे पाहात आली. पुढील वर्षीच्या व्याख्यानाचा वेळ आपल्या समाजातील नोकरी करणाऱ्या तीन-चार तरुण स्त्री-पुरुषांना द्यावा. ते दिवसभर काय करतात, ते कोणाच्या उपयोगी पडते, आणि त्यांना त्यात काय सोसावे लागते, एवढेच त्यांनी सांगावे; आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी वडीलधाऱ्यांनी सल्ला न देता फक्त प्रश्न विचारावेत. ही सूचना मी चिटणिसांकडे लेखी दिलेली आहे.